पडद्यामागच्या बाईचा हिशेब

सिनेमा, नाटक आणि टीव्ही हे विषय आपल्या चळवळीला नवे नाहीत. बाईचं शरीर विकायला ठेवणाऱ्या जाहिरातींना काळं फासण्यापासून ते सासू-सुनांच्या मालिकांविरुद्ध वाहिन्यांना पत्रं पाठवण्यापर्यंत आपण बरंच काही केलं. स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखणारा कायदा १९८६ साली झाला. पडद्यावरची बाई सोशिकच का, खलनायिका नेहमी नोकरी करणारीच का, यावर शिबिरं झाली, परिसंवाद झाले. ते सगळं गरजेचं होतं आणि आजही आहे.

पण या चर्चेतून एक बाई सतत निसटत आली. मालिकेतली सून अंगभर दागिने घालून कणीक का मळते, यावर आपण तावातावाने बोलतो. ते दागिने तिच्या अंगावर चढवणारी, तिचा अंबाडा घालणारी, बाजाराच्या दृश्यात तिच्या मागे रिकामी पिशवी घेऊन दिवसभर उभी राहणारी बाई कोण? तिला रोज किती मिळतो? तो हातात कधी पडतो? ती बाळंत झाली की तिच्या जागी कोण येतं? पन्नाशीनंतर ती काय करते? बिडी कामगार, घरकामगार, अंगणवाडी सेविका यांच्याबद्दल हे सगळे प्रश्न आपण विचारले, त्यांच्या संघटना बांधल्या. मनोरंजनाच्या धंद्यातली बाई मात्र आपल्याला ‘कामगार’ वाटतच नाही. तिच्याभोवती झगमगाट आहे ना! तो झगमगाट दोन-चार चेहऱ्यांपुरता असतो. बाकीच्या बायका दिव्यांच्या मागे अंधारात उभ्या असतात.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली अकरा वर्षं मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये काम करते. कौटुंबिक सल्ला, बचत गट, रेशन कार्ड असं आमचं रोजचं काम. फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्याशी काही बायका थबकतात आणि म्हणतात, ‘ताई, फिल्म लाइन लिहा.’ फिल्म लाइन म्हणजे काय, हे विचारत गेले तसतशी हेअरड्रेसर, ज्युनिअर आर्टिस्ट, ग्रुप डान्सर, ड्रेस खात्यात इस्त्री आणि टाके घालणाऱ्या अशा कितीतरी जणी भेटल्या. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. या धंद्यात पुरुषाची वाट जिन्यासारखी असते, एक पायरी चढली की पुढची दिसते. बाईची वाट ठरावीक ठिकाणी तुटते, आणि प्रत्येक वेळी तिला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागतं. ही तुटण्याची ठिकाणं तिच्या नशिबाने ठरलेली नाहीत. ती माणसांनी केलेल्या नियमांनी आणि रिवाजांनी ठरलेली आहेत, म्हणून ती बदलताही येतात.

दार कसं उघडलं

ही वाट सुरू कुठून झाली, ते आधी पाहू. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाली ती अण्णा साळुंके या पुरुषाने. ते खानावळीत काम करत होते. सिनेमात काम करायला बाईच मिळेना, हे त्याचं कारण आपण शाळेत वाचतो. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची शाळकरी वयाची लेक कमलाबाई उभ्या राहिल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या आणि पदरात मुलगी होती. कमलाबाईंनाही पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आलं आणि मुलं वाढवण्यासाठी त्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या. चंद्रकांत गोखले आणि विक्रम गोखले यांना मराठी प्रेक्षक ओळखतो. त्या घराण्याची सुरुवात पोटासाठी घराबाहेर पडलेल्या या दोन बायकांपासून झाली, हे किती जणांना ठाऊक आहे?

दुर्गा खोटे १९३१ साली सिनेमात आल्या आणि १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ने त्यांचं नाव झालं. चांगल्या घरच्या, शिकलेल्या बाईने पाऊल टाकलं आणि या क्षेत्राला प्रतिष्ठा मिळाली, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण या वाक्यात काय गृहीत धरलंय, तेही बघायला हवं. क्षेत्राला प्रतिष्ठा मिळवून देण्याची जबाबदारी बाईची, आणि तीही तिने आपल्या घराण्याच्या जोरावर पार पाडायची. पुरुष नटाला कुणी असं विचारलं नाही. शिवाय सासरची श्रीमंती ओसरली आणि मिळवणं भाग पडलं, म्हणून दुर्गाबाई सिनेमाकडे वळल्या होत्या. गरज होतीच, फक्त ती भरजरी कपड्यात होती म्हणून दिसली नाही.

त्या पिढीतल्या हंसा वाडकरांची गोष्ट ‘सांगत्ये ऐका’मुळे आपल्याला माहीत आहे. त्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपण ती कहाणी बाईच्या एकटेपणाची म्हणून वाचतो. मी ती मिळकतीची कहाणी म्हणूनही वाचते. कोवळ्या वयात घर चालवण्यासाठी काम सुरू करायचं, नाव व्हायचं, पैसा यायचा आणि त्या पैशावर, त्या वेळेवर आपला हक्क मात्र कधीच नसायचा. आजही माझ्याकडे येणाऱ्या ग्रुप डान्सर मुलींपैकी कितीजणींचं बँकेचं पासबुक त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये असतं, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आणि शांता आपटे! ‘कुंकू’ची ही नायिका १९३९ साली करार आणि पगाराच्या वादावरून पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून तिने या धंद्याची कामगाराच्या नजरेने झाडाझडती घेतली. त्या वेळी लोकांना तो एका तारकेचा तोरा वाटला असेल. आज पाहिलं तर ते एका स्त्री कामगाराचं आंदोलन होतं. १९६० साली त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रभातचा वारसा सांगताना संत तुकारामाचं नाव येतं, तसं या उपोषणाचंही यायला हवं. आपल्याकडच्या स्त्री कामगारांच्या लढ्यांच्या यादीत तर ते यायलाच हवं.

सगळे दादाच

आता आजच्या सेटवर येऊ. तिथली भाषाच सगळं सांगते. मेकअपदादा, स्पॉटदादा, लाइटदादा. दादा हा शब्द प्रेमाचा आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण ताई कुठे लागते? हेअरला. क्वचित कपड्यांना. एकाच खोलीत, एकाच आरशासमोर, एकाच नटीच्या चेहऱ्याला पुरुष हात लावतो आणि केसांना बाई. ही वाटणी कुणी केली?

हिचं उत्तर कागदावर सापडतं. मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप आर्टिस्ट आणि हेअरड्रेसर यांची जी संघटना आहे, ती सुमारे सहा दशकं बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हती. बाईने हेअरड्रेसर व्हायचं, मेकअप पुरुषाने करायचा. कार्ड नसेल तर सेटवर काम नाही, चोरून केलं तर दंड. मेकअपचं शिक्षण घेतलेल्या चारू खुराना आणि त्यांच्यासारख्या काही जणी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. संघटनेचं म्हणणं असं की दोघांनाही काम मिळावं म्हणून ही सोय केली आहे, बायका आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली.

पोटावर पाय येण्याचा हा युक्तिवाद आपण आधीही ऐकलाय. गिरण्यांमधून बायका कमी झाल्या तेव्हा तो होता, कंडक्टरच्या नोकरीत बायका आल्या तेव्हाही होता. त्यात एक कबुली दडलेली असते. बाई काम करू शकत नाही, असं त्यात कुणी म्हणत नाही. ती करू शकते, म्हणूनच तिला थांबवायचं असतं.

निकालाला दहा वर्षं उलटून गेली. कार्ड मिळतं. पण माझ्या ओळखीच्या हेअरड्रेसर बायकांपैकी मेकअपकडे वळलेली एकही नाही. का? कारण कार्ड ही शेवटची पायरी आहे, त्याआधी उमेदवारी असते. या धंद्यात शिकायचं म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली दोन-चार वर्षं राबायचं. मामा भाच्याला सोबत नेतो. भाचा पेटी उचलतो, ब्रश धुतो, रात्रीच्या शूटिंगला तिथेच सतरंजीवर पाठ टेकतो, हळूहळू ज्युनिअर आर्टिस्टच्या चेहऱ्यावर हात बसवतो आणि एके दिवशी मामा आजारी पडला की नायिकेसमोर उभा राहतो. भाचीला कोण असं नेणार? रात्री दोनला पॅक-अप झाल्यावर ती घरी कशी पोचणार? आणि पोचली तरी घरचे दार कसे उघडणार? कॅमेरा, लाइट, साउंड, सगळीकडे हेच आहे. न्यायालयाने दार उघडलं, पण दारापर्यंत जाणारा जिना अजून पुरुषांच्याच घरातून जातो.

हे मी म्हणते त्याला पुरावा उलट बाजूनेही मिळतो. ज्या बायका पडद्यामागे मोठ्या झाल्या, त्या कुठून आल्या ते पाहा. कोल्हापूरच्या भानू अथैया जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, तिथून वेशभूषेकडे आल्या आणि ‘गांधी’साठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ यांसारख्या चित्रपटांच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आल्या. म्हणजे जिथे शिक्षण मामाच्या मर्जीवर अवलंबून नव्हतं, शासनाच्या संस्थेत अर्ज करून मिळत होतं, तिथे बाईला जिना सापडला. सरोज खान यांना तसा आधार नव्हता. ग्रुपमध्ये नाचता नाचता त्या बी. सोहनलाल यांच्या सहायक झाल्या आणि १९७४ सालच्या ‘गीता मेरा नाम’पासून स्वतंत्र नृत्यदिग्दर्शक झाल्या. फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाला पारितोषिक द्यायला सुरुवात केली ती १९८९ साली, ‘तेजाब’साठी, आणि ते पहिलं पारितोषिक त्यांचंच होतं. ग्रुपमधल्या बाईला नृत्यदिग्दर्शक होता येतं, हे त्यांनी दाखवलं. पण एक सरोज खान झाली म्हणून शेवटच्या रांगेत नाचणाऱ्या बाकीच्यांची वाट आपोआप तयार होत नाही.

माझ्या पेशातल्या सुमित्रा भावे यांचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलेल्या या बाईने वस्तीतल्या बायकांवरच्या कामातून ‘बाई’ हा पहिला लघुपट केला तो १९८५ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासोबत ‘दोघी’, ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि सुवर्णकमळ मिळवणारा ‘कासव’ केला. ज्या वयात या क्षेत्रातल्या बाईला ‘आता आईच्या भूमिका घ्या’ असं सांगितलं जातं, त्या वयात त्यांनी सुरुवात केली. मात्र त्यांनी दुसऱ्याच्या दारात उमेदवारी केली नाही, स्वतःची वाट स्वतःच्या कामातून काढली. सगळ्यांना हे जमणार नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

वाट तुटते कुठे

पहिली तुटते बाळंतपणाशी. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांची आठवण महाराष्ट्रात सगळे सांगतात. भर खेळात कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो. कलेवरची निष्ठा म्हणजे ही, असं म्हटलं जातं. विठाबाईंच्या थोरवीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण मला या गोष्टीत निष्ठेइतकीच एक भीषण गैरसोय दिसते. नऊ महिने पूर्ण भरलेल्या बाईला खेळ का करावा लागत होता? फडाला सुपारी होती, फडावर माणसं अवलंबून होती, खेळ बंद म्हणजे चूल बंद. ज्या समाजाने तिला राष्ट्रपती पदक दिलं, त्याने तिला बाळंतपणाची रजा दिली नाही. आपण मात्र त्या दगडाची पूजा करत बसलो.

आज कायदा काय म्हणतो? प्रसूतीसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ सालच्या दुरुस्तीने आली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. अट एकच, आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. आता हेअरड्रेसरचा मालक कोण? एका मालिकेत चार महिने, मग एका जाहिरातीत दोन दिवस, मग ओळखीतून एका सिनेमात दहा दिवस. ८० दिवस भरले तरी ते सिद्ध करायला हातात कागद नाही, फोनवर आलेला ‘कॉल टाइम’चा निरोप एवढाच पुरावा. आमच्या गटातली एक जण एका मालिकेवर वर्षभर होती. सातव्या महिन्यात तिला सांगण्यात आलं, ‘ताई, तू आराम कर, तुझी जागा आहेच.’ बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर तिने फोन केला, तेव्हा जागा भरली होती. तिला कुणी काढलं नव्हतं, म्हणून तक्रार तरी कशाची करणार?

लेखी करार हे यावरचं पहिलं औषध आहे. सिने कामगारांसाठी १९८१ साली झालेल्या कायद्यात त्याची तरतूद होती. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती ‘दृक्-श्राव्य कामगार’ या नावाखाली आली आणि त्यात मालिका, जाहिराती, वेब मालिकाही धरल्या आहेत. तरतूद कागदावर आहे. ती मागणारं कुणी संघटित नसेल, तर ती कागदावरच राहील.

वाट तुटण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे वेळ. मालिकेचं शूटिंग बारा-बारा तास चालतं, प्रवासाचे तीन तास वेगळे. बारा तासांच्या या पाळीत मासिक पाळीचाही विचार नसतो. आउटडोअरला गेलं की शेताच्या आडोशाला जायचं आणि दिवसभर पाणीच प्यायचं नाही, असा बायकांचा ठरलेला उपाय. मूत्रमार्गाचे आजार यातूनच येतात. २०२५ साली दीपिका पदुकोण यांनी आई झाल्यानंतर आठ तासांच्या कामाचा मुद्दा जाहीरपणे मांडला, तेव्हा बराच गदारोळ झाला. एवढे पैसे घेते आणि नखरे करते, असाही सूर निघाला. मला वाटतं, ती जे म्हणाली ते म्हणण्याची ताकद तिच्याकडे होती, एवढाच फरक. नायिका आठ तासांनी घरी गेली तर तिचे केस करणारीही घरी जाईल. गिरणी कामगारांनी आठ तास मिळवले, तेव्हा त्यांना कुणी नखरेल म्हटलं नव्हतं.

तिसरं ठिकाण, ‘नाही’ म्हणण्याचं. इथे लैंगिक छळाची चर्चा होते ती बातमीपुरती, कुणाचं नाव आलं यापुरती. माझ्या दृष्टीने तो सरळसरळ रोजगाराचा प्रश्न आहे. काम नियमित जाहिरात देऊन मिळत नाही, फोनवर मिळतं. ज्या बाईने नकार दिला तिला कुणी कामावरून काढत नाही, तिचे फोन यायचे बंद होतात. त्या न आलेल्या फोनची नोंद कुठल्याही वहीत नसते. भंवरीदेवींच्या लढ्यातून १९९७ सालचा विशाखा निकाल आला, त्यातून २०१३चा कायदा झाला. रोजंदारीवरची, कंत्राटावरची बाईसुद्धा त्यात येते, आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आमच्या गटातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं.

केरळात हे काम बायकांनी हाती घेतलं. २०१७ साली एका अभिनेत्रीवर हल्ला झाला, त्यानंतर अभिनेत्री आणि तंत्रज्ञ बायकांनी मिळून ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ स्थापन केली. त्यांच्या रेट्यामुळे सरकारने न्या. के. हेमा यांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१९च्या शेवटी तयार झाला आणि ऑगस्ट २०२४पर्यंत तो लोकांसमोर आला नाही, यावरूनच त्यात किती दाहक ऐवज असेल ते कळतं. वर्तमानपत्रांनी त्यातला छळाचा भाग छापला. पण स्वच्छतागृह नसणं, कपडे बदलायला जागा नसणं, लेखी करार नसणं, कमी मोबदला, हेही त्यात तितक्याच ठळकपणे आहे. नायिका आणि हेअरड्रेसर एकाच अहवालात आल्या, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मराठी सिनेमा-नाटक-मालिकांमधल्या बायकांची अशी सामाईक संघटना का नसावी?

आक्षेप आणि उत्तरं

हे सगळं बोलायला लागलं की तीन आक्षेप ठरलेले येतात. पहिला, ‘हौसेने गेलेल्या बायका या, कुणी बोलावलं होतं?’ हौस असली म्हणून रोज बुडवायचा का? डॉक्टरही हौसेने होतात. दुसरा आक्षेप घरातून येतो, ‘एवढा त्रास आहे तर सोडून दे.’ हा काळजीचा सूर असतो, पण बाईला सुरक्षित ठेवण्याचा एकच उपाय आपल्या घरांना येतो, तो म्हणजे तिला कामावरून उठवणं. रात्रीचं काम बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. रात्री गाडी द्या, एवढंच म्हणेन.

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येतो आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या मालिका बाईला दुय्यम दाखवतात, त्यांत काम करणाऱ्यांसाठी आपण का भांडायचं? मैत्रिणींनो, आपण तंबाखूच्या विरोधात आहोत आणि बिडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीसाठीही लढलो. त्यात आपल्याला विसंगती वाटली नाही. मालिकेतल्या सुनेची गोष्ट तिची हेअरड्रेसर लिहीत नाही. ती लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या, पैसा लावणाऱ्या खुर्च्यांवर बायका जास्त येतील तेव्हा गोष्टही बदलण्याची शक्यता वाढेल. म्हणजे प्रतिमेचा प्रश्न आणि रोजगाराचा प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

काय करता येईल

मोठ्या मागण्या खूप आहेत. मी आपल्या हातातल्या चार सांगते.

एक, नाट्यगृहं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन अशी आपली बरीच नाट्यगृहं महापालिकांच्या मालकीची आहेत. तिथल्या रंगपटात बायकांसाठी स्वच्छ संडास, पाणी, कडी लागणारं दार आहे का, हे नगरसेविकेला विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. बालगंधर्वांनी आयुष्यभर बाईच्या रूपात रंगमंच गाजवला. त्यांच्या नावाच्या वास्तूत खऱ्या बाईची सोय व्हायलाच हवी. दौऱ्यावर जाणाऱ्या नटीला कपडे बसमध्ये बदलावे लागू नयेत, एवढी साधी गोष्ट आहे.

दोन, गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी शासनाच्या महामंडळाची आहे. जागा शासनाची असेल तर ती भाड्याने देताना अटीही शासनाला घालता येतात. पाळणाघर, अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मराठी-हिंदीत लावलेला फलक, रात्रीची वाहतूक, या त्या अटी असाव्यात.

तीन, उमेदवारी. वस्तीतल्या मुलींना मेकअप, लाइट, साउंड, संकलन यांचं शिक्षण देणारे वर्ग आणि त्यासोबत एक वर्षाची पगारी उमेदवारी मिळावी. नुसतं प्रमाणपत्र दिलं तर ती पुन्हा मामाच्या दारातच उभी राहील.

चार, कागद. कामाच्या प्रत्येक दिवसाची चिठ्ठी, मग ती मोबाइलवर का असेना. मालिकांमध्ये पैसे ९० दिवसांनी देण्याचा रिवाज आहे. तीन महिने सावकाराकडून उसने घेऊन जगायचं आणि मग आलेल्या पैशातून व्याज भरायचं, हे आमच्या बचत गटाच्या वह्यांमध्ये स्पष्ट दिसतं. रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे आठवड्याला मिळायला हवेत. तमाशातल्या बाईची उचल असो की व्यावसायिक नाटकातल्या बाईची ‘नाइट’ असो, हिशेब तिच्या हातात आणि तिच्या खात्यात हवा. २०२० साली नाट्यगृहं आणि जत्रा बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्याकडे कुठल्याही कामाचा कागद नव्हता त्यांना मदतीच्या यादीतही नाव घालता आलं नाही, हे आम्ही वस्तीत पाहिलं आहे.

आमच्या वस्तीतल्या आठ जणींनी गेल्या दिवाळीपासून एक वही सुरू केली आहे. तारीख, ठिकाण, किती वाजता गेलो, किती वाजता सुटलो, बोललेला रोज, मिळालेला रोज, मिळाल्याची तारीख. सात रकाने. एकीला लिहिता येत नाही, तिची लेक लिहिते. यातून लगेच काही होणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण दोन महिन्यांपूर्वी एका कोऑर्डिनेटरने अकरा दिवसांच्या जागी नऊ दिवसांचे पैसे दिले, तेव्हा एक जण वही घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोन दिवसांचे पैसे घेऊन आली.

वाचणाऱ्या मैत्रिणींपैकी कुणी नाटकात, मालिकेत, तमाशात, सिनेमात कुठल्याही कामावर असेल, किंवा कुणाच्या शेजारी, नात्यात अशी बाई असेल, तर आम्हाला लिहा. नावं छापणार नाही. पुढच्या अंकासाठी आम्हाला एवढंच हवं आहे: काम कोणतं, सुरुवात कशी झाली, कुठे थांबावं लागलं आणि का.